नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर किती आणि वेळ किती?

मुलगा-सून अमेरिकेत असलेल्या नागपूरकराला "किती तास लागतात हो?" हा प्रश्न ठरलेला. नेटवर अंतर दिसतं साधारण १३,१०० किलोमीटर. विमान ताशी ९०० ने उडतं, म्हणजे साडेचौदा तास, असा भागाकार करून लोक मोकळे होतात. प्रत्यक्षात दिवसभराहून जास्त वेळ जातो.

ते १३,१०० म्हणजे पृथ्वीच्या गोलावर नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरी ताणली तर भरेल ती लांबी. ही दोरी उत्तरेला सायबेरियापर्यंत चढते आणि मग अमेरिकेच्या किनाऱ्याकडे उतरते. विमान मात्र तिच्यावरून जात नाही. वाटेत तिबेटचं पठार आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर विमानाला झटपट तीनेक किलोमीटर उंचीवर यावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच! शिवाय कुणाचं आकाश कुणाला बंद, हे राजकारण वेगळंच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना वळसा पडला.

अंतर वाढलं की वेळही वाढतो, असंही नाही. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, पण वेळ दोनेक तासांनी घटून साडेचौदावर आला. कारण वारा. विमानं उडतात त्या उंचीवर जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, आणि पॅसिफिकवरून पूर्वेला जाणाऱ्या विमानाला ते मागून ढकलतात. नागपूरच्या झिरो माइलच्या दगडावर गावांची अंतरं मैलांत कोरली आहेत ते बरंय. तास कोरले असते तर ऋतूगणिक खोडावे लागले असते.

तिकिटावरच्या वेळा तर आणखी फसव्या, कारण त्या त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. दिल्लीहून पहाटे ४ ला निघून १६ तास उडालेलं विमान उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला सकाळी साडेसातला उतरतं, तारीखही तीच. वजाबाकी केली तर साडेतीन तास! खरा आकडा 'एकूण प्रवास वेळ' असं लिहिलेलं असतं तिथे बघावा.

जवळच्या प्रवासात भागाकार आणखीच चुकतो. मुंबई हवेतून जेमतेम ६८० किलोमीटर, पण वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास दिसतो. तो विमान जागेवरून हललं तिथून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग आणि मुंबईवरच्या घिरट्या त्यातच आल्या.

अमेरिकेसाठी नागपूरहून थेट विमान नाही, दिल्लीत, मुंबईत किंवा आखातात असं वाटेत कुठेतरी बदलावंच लागतं. आईबाबा एकटे जाणार असतील, तर दिल्लीत दोन तासांची बदली स्वस्त दिसली तरी मी घेणार नाही. नागपूरचं विमान तासभर उशिरा पोचलं की पुढे इमिग्रेशनची रांग, सिक्युरिटीची रांग, आणि त्यात टर्मिनल बदलायचं असलं तर संपलंच. चार-पाच तासांचा थांबा असलेलं तिकीट काढावं.