तेल आपलं, भाव जगाचा: पेट्रोलच्या राजकारणाची जुनी गोष्ट

पेट्रोल वाढलं की वाजपेयी बैलगाडीतून संसदेकडे निघालेत तो जुना व्हिडिओ हमखास फिरायला लागतो. नोव्हेंबर १९७३ ची गोष्ट ती. अरब देशांनी इस्रायलच्या युद्धावरून तेल अडवलं, तीन डॉलरच्या आसपासचं बॅरल दोन-तीन महिन्यांत चौपटीवर गेलं, इंदिराबाईंच्या सरकारने पेट्रोल महाग केलं आणि विरोधकांनी बैल जुंपले. आणि टायमिंग बघा, लगेच फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या रिगला, म्हणजे समुद्रात विहीर खोदणाऱ्या जहाजवजा यंत्रणेला, मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर भर समुद्रात तेल लागलं. बॉम्बे हाय! आता काय, सुटलो, असंच वाटलं असणार सगळ्यांना.

त्याआधी, १९६० पर्यंत तरी, आपल्याकडे देशी तेल म्हणजे मुख्यतः आसाम. दिगबोईला १८८९ पासून विहिरी, १९०१ पासून रिफायनरी. स्वातंत्र्यानंतरही धंदा बर्मा शेल, एस्सो, कॅल्टेक्स या परदेशी कंपन्यांच्याच हातात, माहुल-ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्याही त्यांच्याच. केशवदेव मालवीय नावाचे मंत्री हट्टाला पेटले, रशियन तज्ज्ञ आणले, १९५६ ला ओएनजीसी ही तेल शोधणारी सरकारी संस्था उभी केली आणि १९६० मध्ये गुजरातेत अंकलेश्वरला तेल लागलं. पुढे ७४ ते ७६ च्या दरम्यान त्या परदेशी कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, त्यातूनच आजचे एचपी आणि भारत पेट्रोलियम.

बॉम्बे हायचं तेल मे १९७६ पासून यायला लागलं आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशाची निम्म्याहून जास्त गरज घरच्या तेलावर भागत होती. मग पेट्रोल स्वस्त झालं का? अजिबात नाही. कारण भाव सरकार ठरवायचं आणि पेट्रोलवाल्याकडून जास्त घेऊन रॉकेल आणि गॅस स्वस्त ठेवायचं, तो हिशोब ऑइल पूल नावाच्या खात्यात चालायचा. रेशनच्या रांगेत कॅन घेऊन उभं राहिलेल्यांना जे रॉकेल मिळायचं त्याचा काही भार स्कूटरवाला उचलत होता. माझ्या मते हे धोरण हेतूने वाईट नव्हतं, पण भाव म्हणजे मतं ही सवय सगळ्याच पक्षांना तिथूनच लागली.

आणि 'आपलं तेल' म्हणजे नेमकं कुणाचं, हे आसामला विचारा. त्यांच्या तेलासाठी मोठी रिफायनरी बिहारमध्ये बरौनीला, आसामला रॉयल्टी किरकोळ. १९७९ च्या अखेरीस आंदोलकांनी तेल बाहेर जाणंच रोखलं, 'रक्त देऊ, तेल देणार नाही' अशी घोषणा होती.

नव्वदीपासून बॉम्बे हाय उतरणीला लागलं, इकडे गाड्या वाढतच गेल्या. राजस्थानात बाडमेरला तेल सापडलं, तरी २०११-१२ ला ३८ दशलक्ष टन असलेलं देशाचं उत्पादन २०२२-२३ ला २९ वर आलं आणि आता ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरचं. एप्रिल २००२ ला सरकारी दरपद्धत कागदावर बंद झाली, प्रत्यक्षात निवडणूक आली की दर गोठायचेच, मधली काही वर्षं स्वस्तात विकून झालेल्या तोट्यापोटी कंपन्यांना रोख पैशांऐवजी ऑइल बॉंड, म्हणजे पुढे पैसे देण्याचे रोखे, देऊन वेळ मारून नेली. पेट्रोलचा भाव २०१० ला सरकारी बंधनातून मोकळा झाला, डिझेलचा ऑक्टोबर २०१४ ला.

नेमकं तेव्हाच जगात तेल कोसळलं आणि खरी मेख इथेच आहे. स्वस्ताई पंपावर पूर्ण आलीच नाही, एक्साइज, म्हणजे केंद्राचा कर, वाढत गेली. २०१४ ला पेट्रोलवर लिटरमागे ९.४८ रुपये होती ती मे २०२० मध्ये ३२.९८, डिझेलवर ३.५६ ची ३१.८३. राज्यंही काही मागे नाहीत, महाराष्ट्रात व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीकर, आहेच, वर २०१५ ला दुष्काळाचा सेस, आणि २०१७ ला हायवेवरची दारूची दुकानं बंद झाल्यावर बुडालेला महसूल भरून काढायला पेट्रोलवर अजून तीन रुपये! दारू न पिणाऱ्यानेही ते भरले. मे २०२१ च्या शेवटी मुंबईत पेट्रोल शंभरीपार गेलं, परभणीकरांनी तर ते आधीच बघितलं होतं.

म्हणून 'आपल्या समुद्रात तेल आहे तर स्वस्त का नाही' याचं उत्तर समुद्रात सापडत नाही. घरचं तेलही रिफायनरीला जगाच्या भावाशी जोडूनच विकलं जातं. युक्रेन युद्धानंतर भाव चढले तेव्हा जुलै २०२२ मध्ये केंद्राने देशी क्रूडवर, म्हणजे कच्च्या तेलावर, टनामागे २३,२५० रुपयांचा विंडफॉल टॅक्स (अचानक झालेल्या नफ्यावरचा कर) लावला, ओएनजीसीचा जादा नफा तिजोरीत गेला. तो टॅक्स डिसेंबर २०२४ पर्यंत कमीजास्त होत चालला, मग काढून टाकला.