तिकिटावरचे सव्वादोन तास आणि हवेतले पावणेदोन

मुंबई आणि दिल्ली विमानतळांमधलं सरळ अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं कमीत कमी अंतर, सुमारे १,१४० किमी. ए-३२० जातीचं विमान वर पोचल्यावर ताशी ८३० किमीच्या आसपास जातं. भागाकार केला तर १ तास २२ मिनिटं. तिकिटावर मात्र साधारण सव्वादोन तास. उरलेली ५३ मिनिटं जातात कुठे?

इथे दोन वेगळ्या वेळांची गल्लत होते. एक हवेतला वेळ: चाकं धावपट्टी सोडतात तिथपासून पुन्हा टेकतात तिथपर्यंत. दुसरा ब्लॉक टाइम: विमान जागेवरून हलतं तिथपासून दुसरीकडे जागेवर थांबतं तिथपर्यंत. तिकिटावर छापलेला असतो तो हा दुसरा.

विमान स्वतःच चार वेळा नोंदवून कंपनीला कळवतं: आउट, ऑफ, ऑन, इन. दारं बंद आहेत, चाकं अडवायला लावलेले चॉक (ठोकळे) काढलेत, वैमानिकाने पार्किंग ब्रेक सोडला, की ‘आउट’. चाकं उचलली की ‘ऑफ’, टेकली की ‘ऑन’, जागेवर ब्रेक लागला की ‘इन’. आउट ते इन हा ब्लॉक टाइम, ऑफ ते ऑन हवेतला. गंमत म्हणजे वैमानिकाच्या लॉगबुकात ‘फ्लाइट टाइम’ म्हणून जमिनीवरच्या रांगेतला वेळही धरला जातो.

आणि मुंबईत ती रांग असतेच. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही स्वतंत्रपणे चालवता येत नाहीत. पुशबॅकनंतर, म्हणजे विमान जागेवरून मागे ढकलल्यावर, धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाण्यात (याला ‘टॅक्सी’ म्हणतात) १५-२० मिनिटं गेली तर त्यात नवल नाही.

हवेतला वेळही भागाकारापेक्षा जास्त भरतो, पावणेदोन तासांपर्यंत. पहिलं कारण वेग. चढताना आणि उतरताना दहा हजार फुटांखाली विमान सहसा २५० नॉटपेक्षा, म्हणजे ताशी ४६३ किमीपेक्षा, वेगाने जात नाही. दुसरं कारण वळसे. मुंबईहून पश्चिमेला उड्डाण केलं की आधी समुद्रावर जाऊन मग उत्तरेला वळायचं. दिल्लीत पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं तर पूर्वेच्या बाजूने फिरून यायचं. गर्दी असेल तर वरून घिरट्या.

वाऱ्याचा हिशेब आणखी वेगळा. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावर जोरदार पश्चिमी वारे असतात. मुंबई–दिल्ली मार्ग दक्षिणोत्तर, त्यामुळे वारा बहुतेक आडवा लागतो आणि जाण्यायेण्यात फारसा फरक पडत नाही. मुंबई–कोलकाता मार्गावर मात्र जाताना वारा पाठीशी आणि येताना समोर. अंतर तेच, पण परतीची वेळ तिकिटावरच जास्त दिसते.

कंपन्या ब्लॉक टाइममध्ये थोडी जास्तीची मिनिटंही धरतात. दहा मिनिटं उशिरा निघालेलं विमान वेळेवर पोचतं, यामागे वैमानिकाच्या कौशल्यापेक्षा वेळापत्रकातली ही ऐसपैस जागा जास्त असते.

पुढचं विमान पकडायचं असेल तर हिशेब ‘इन’पासून करावा, त्यात दार उघडणं, बस आणि बॅगा धरून. दोन वेगळी तिकिटं असतील तर पुढच्या विमानाचं बॅग काउंटर बहुधा तासभर आधीच बंद होतं, तो तासही हातातल्या वेळातून वजा करा. आणि न्यायला येणाऱ्याने ॲपवर ‘उतरलं’ असं दिसताच गाडी दाराशी आणू नये. तो ‘ऑन’ असतो. दिल्लीत दूरच्या धावपट्टीवर विमान उतरलं तर ‘इन’ व्हायलाच पंधरा मिनिटं लागू शकतात.