कर्तव्ये नाहीत, म्हणून हक्कही नाहीत?

प्राण्यांना कर्तव्ये पार पाडता येत नाहीत, त्यामुळे त्यांना हक्कही असू शकत नाहीत, हा युक्तिवाद वर्षानुवर्षे केला जातो. तो चुकीचा आहे. तान्ह्या बाळाला एकही कर्तव्य कळत नाही, तरी वारशाने आलेल्या मालमत्तेवर त्याचा हक्क असतो आणि त्याच्या वतीने पालक न्यायालयात दाद मागू शकतो. प्राण्यांच्या बाबतीतही हे घडले आहे: साथीदार दगावल्यावर प्राणिसंग्रहालयाच्या सिमेंटच्या पिंजऱ्यात एकटी उरलेली चिंपांझी मादी सेसिलिया हिला अर्जेंटिनातील मेंडोझाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये मानवेतर विधिक व्यक्ती, म्हणजे माणूस नसूनही कायद्याने हक्क असू शकणारी, मानले आणि ब्राझीलमधील आश्रयस्थानी हलवण्याचा आदेश दिला. प्राण्यांना मतदानाचा अधिकार कोणी मागत नाही (तसे भासवणे ही निव्वळ दिशाभूल आहे). खरा वाद आहे तो कोणत्या प्राण्याला कोणते हक्क द्यावेत, याचा.