पांढरीवरचं गाव काळीत उतरतं तेव्हा

मावशीच्या बंगल्याचं पुढचं दार मिरगानंतर अडायला लागतं आणि चैतात पुन्हा मोकळं होतं. पहिली दोन वर्षं सगळ्यांनी लाकडाला दोष दिला. सुतार दोनदा रंधा मारून गेला. मग खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघाली, विटांच्या सांध्यासांध्यानं पायऱ्या उतरत जोत्यापर्यंत गेली, तेव्हा मावशीचा फोन आला. "तू मातीचंच शिकलास ना? ये बघू जरा."

बंगला सांगली-मिरज रस्त्यापासून थोडा आत, पूर्वी ऊस होता त्या प्लॉटात आहे. दक्षिणेकडचा ऊस अजून उभा असून पाटाचं पाणी कुंपणाला लागतं. उत्तरेला मोकळा प्लॉट, उन्हाळ्यात भेगाळलेला. तिथल्या एका भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. म्हणजे एकाच घराची एक कड बारा महिने ओल्या मातीवर, तर दुसरी निम्मं वर्ष कोरड्या. भिंत तिरकी का फाटली, ते तिथंच कळलं.

आपल्याकडे गावठाणाच्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. राहायचं पांढरीवर, पिकवायचं काळीत. या वाटणीत सुपीक जमीन वाचवण्याचा हिशेब होताच, पण जमिनीच्या स्वभावाची जाणही होती असं मला वाटतं. आता शहर वाढतंय आणि शेतं बिगरशेती होऊन त्यांचे प्लॉट पडतायत. घरं काळीत उतरली, पाया मात्र बहुतेकांनी मुरमावर घालतात तसाच घातला.

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते तिथली माती तांबडी आणि ती सांगलीला पोचते तिथली काळी. मूळ खडक दोन्हीकडे एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट. फरक घडवला मुख्यतः पाण्यानं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिकाही धुऊन नेतो. मागे उरतं लोह, ॲल्युमिनियम आणि न फुगणारं केओलिनाइट हे खनिज. सांगलीकडे पाऊस त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, जमीन सपाट, निचरा मंद. सगळी द्रव्यं जागच्या जागी राहतात आणि त्यांतून माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज तयार होतं. काळ्या मातीची सुपीकता त्याचीच आणि बांधकामातला त्रासही त्याचाच.

पत्रावळींची चवड डोळ्यांपुढे आणा. या खनिजाचा कण तसाच असतो, थरावर थर, प्रत्येक थर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा. केओलिनाइटमध्ये हे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, पाण्याला आत शिरता येत नाही. माँटमोरिलोनाइटमध्ये दोन थरांच्या मध्ये सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, असतात आणि त्यांची पकड सैल असते. पाणी आलं की या आयनांभोवती गोळा होतं, थर दूर सरकतात आणि चवड फुगते. उन्हानं पाणी गेलं की पुन्हा बसते. शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅममधले सगळे थर उलगडून पसरले तर सुमारे 800 चौरस मीटर जागा लागेल, म्हणजे जवळजवळ आठ गुंठे. चिमूटभर खनिजात आठ गुंठ्यांचा पृष्ठभाग असेल, तर काळी माती पाण्याला इतकी का धरून ठेवते हे वेगळं सांगायला नको.

फुगताना तिला अडवलं तर ती उलट रेटते. हा रेटा चौरस मीटरला 20-30 टनांपर्यंत मोजला गेलाय. एकमजली घराच्या भिंतीचं पायावर येणारं वजन बहुधा त्याहून कमी भरतं, म्हणून उंच इमारतींपेक्षा बंगले, कुंपणाच्या भिंती, कालव्यांचं अस्तर आणि रस्ते जास्त भोगतात.

आपली माती किती फुगते हे ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. मला ती फार आवडते. कोरडी माती बारीक चाळून दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करायचे, 100 मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत घालायचे. एकात पाणी भरायचं, दुसऱ्यात रॉकेल. हवा निघून जाईपर्यंत ढवळायचं आणि 24 तास ठेवायचं. रॉकेलच्या रेणूला पाण्याच्या रेणूसारखी धन-ऋण टोकं नसतात, थरांमधल्या आयनांना त्याचं आकर्षण नाही, म्हणून त्यातली माती फुगत नाही. रॉकेलमध्ये 10 मिलिलिटर आणि पाण्यात 20 मिलिलिटर भरली, तर माती 100 टक्के फुगणारी. हा आकडा 50 च्या वर गेला की सावध व्हायचं. मावशीच्या अंगणातल्या मातीचा आला 110. प्लॉट घेताना सातबारा आपण चारदा तपासतो. त्याच आठवड्यात माती प्रयोगशाळेत दिली, तर पुढचा किती खर्च वाचेल!

आता उपायांकडे. जुना आणि माझ्या मते सर्वांत समजून घेण्यासारखा उपाय चुन्याचा. इथं वाळवा-मिरजेच्या शेतकऱ्याला निम्मं रसायनशास्त्र आधीच ठाऊक आहे. पाण्याच्या अतिवापरानं जमीन चोपण झाली की तो जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, टाकतो. जिप्सममधलं कॅल्शियम मातीतल्या सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतं, कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात, निचरा सुधारतो. रस्त्याखालच्या काळ्या मातीत चुना मिसळला की पहिल्या काही तासांत हेच घडतं. चिकट गोळा भुसभुशीत होतो, फुगणं उतरतं.

पण चुना तिथं थांबत नाही. तो मातीचा सामू (pH) 12.4 पर्यंत नेतो. इतक्या अल्कधर्मी पाण्यात मातीतलीच सिलिका आणि ॲल्युमिना विरघळायला लागतात, कॅल्शियमशी जोडली जातात आणि सिमेंटमध्ये बनतात तसेच बंध कणाकणांत तयार होतात. ही क्रिया सावकाश चालते, आठवडे, महिने. साधारणपणे कोरड्या मातीच्या वजनाच्या 3 ते 8 टक्के चुना लागतो. साडेपाच मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्यात 30 सेंटिमीटरचा थर चार टक्क्यांनी करायचा, तर सुमारे 100 टन चुना झाला. ढेकळं फोडायला आपल्याकडे ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर उत्तम काम देतो. चुना पसरायचा, मिसळायचा, पाणी मारायचं, एखादा दिवस मुरू द्यायचं, पुन्हा मिसळून रोलर फिरवायचा आणि आठवडाभर ओल टिकवायची. मुरू द्यायचा दिवस आणि शेवटची ओल, या दोनच गोष्टी घाईत वगळल्या जातात. नेमक्या त्याच महत्त्वाच्या. चुना डोळ्यांत आणि कातडीवर भाजतो, तेव्हा कामावरच्या माणसांना गॉगल आणि हातमोजे हवेतच.

इथं एक सापळा आहे आणि तो आपल्या भागात खरा आहे. ज्या शेतात वर्षानुवर्षं जिप्सम पडलंय किंवा जिथं क्षार वर आलेत, तिथं मातीत सल्फेट असू शकतं. कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि सल्फेट चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात एकत्र आले की एट्रिंगाइट नावाचे सुईसारखे स्फटिक वाढतात. त्यांच्या रचनेत पाण्याचे 26 रेणू अडकलेले असतात, त्यामुळे जागा प्रचंड लागते. अमेरिकेत लास वेगासच्या स्टुअर्ट अव्हेन्यू या रस्त्याखाली मजबुतीसाठी घातलेला चुन्याचा थरच असा फुगून वर आला होता. शेतात जिप्सम औषध, रस्त्याखाली चुना औषध, आणि दोन्ही एकत्र आले तर अपाय. म्हणून क्षारपड पट्ट्यात सल्फेट तपासल्याशिवाय चुन्याला हात लावू नये.

चुन्याबरोबर राख वापरतात. औष्णिक वीजकेंद्रांची राख सर्वश्रुत आहे. आपल्या साखर कारखान्यांच्या बॉयलरमधली बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राखही सिलिकायुक्त असते आणि चुन्याशी जोडी जमवते, पण न जळालेला कोळसा जास्त असला तर उपयोग कमी. प्रत्येक बॉयलरची राख वेगळी, तिची चाचणी वेगळी.

घरांसाठी आपल्याकडे सर्रास चालतं ते म्हणजे काळी उकरून मुरूम भरणं. पद्धत चांगली, पण खड्डा नुसता ओतून भरला तर चिकणमातीच्या मध्ये पाण्याचा हौद तयार होतो. वरून पाणी शिरतं, बाजूनं निघत नाही. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर मोलाचं काम केलं. त्यांच्या लक्षात आलं की काळ्या मातीत वरच्या मीटर-सव्वा मीटरच्या खाली, पूर्ण भिजूनही माती फारशी फुगत नाही. वरचा थर तिला केवळ वजनानं नव्हे, चिकटून धरूनही आवरतो. मग वरचा फुगणारा थर काढून त्या जागी चिकट, पण न फुगणारी माती दाबून बसवली तर? वाळूनं हे साधत नाही, तिला चिकटपणा नाही. चिकणांश असलेल्या मुरमानं साधतं. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर ही पद्धत वापरली गेली आणि पुढे तिचं भारतीय मानकही झालं. तेव्हा मुरूम 20-20 सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, धुमसानं किंवा रोलरनं दाबूनच भरायचा, आणि मुरूम बोटांत चोळून बघायचा.

माती बदलायची नसेल तर तिला ओलांडून खाली जायचं. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं त्यासाठी तळाशी कंद असलेला पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेला काँक्रीटचा खांब, विकसित केला. कंदाचा व्यास दांड्याच्या साधारण अडीच पट. ऋतूंबरोबर ओल बदलते ती बहुधा वरच्या साडेतीन मीटरपर्यंत, कंद त्याच्या खाली बसवतात. वरची माती दांड्याला उचलू लागली तरी कंद जमिनीत रुतून राहतो. वरचे बीम मातीला टेकवायचे नाहीत, खाली मोकळी फट सोडायची. ही फट ठेवायला मिस्त्री नाखूश असतात, त्यांना ते अर्धवट काम वाटतं. मालकानं तिथं उभं राहून ती ठेवून घ्यावी.

मावशीचं घर उभं होतं, तिथं यातलं बरंचसं जमण्यासारखं नव्हतं. घराभोवती भोकं पाडून चुना भरावा असं एकानं सुचवलं, पण चिकणमातीत चुना भोकापासून फार लांब पोचत नाही. म्हणून आम्ही मातीऐवजी तिच्यातली ओल सांभाळायची ठरवली. घराभोवती दोन मीटर रुंद, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा केला. छपराचं पाणी पाइपनं थेट गटारात नेलं. दक्षिणेच्या कुंपणालगत दोन मीटर खोल चर खणून त्यात जाड प्लास्टिकचा कागद उभा सोडला. शेजारच्या अण्णांनी पाट सात-आठ फूट पलीकडे सरकवला, एका शब्दावर.

भेग लगेच बुजवू दिली नाही. तिच्या टोकाशी पेन्सिलनं रेघ ओढून तारीख लिहिली. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे ती रेघेपुढे गेली नाही, तेव्हा भरून घेतली. दार मिरगात अजून किंचित घासतं. मावशी म्हणते, राहू दे, पाऊस लागल्याचं कळतं.