शिलारस सरकतो तेव्हा जमीन का हादरते?

नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. तेव्हापासून ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक शंका अधूनमधून डोके वर काढते: खाली ज्वालामुखी तर जागा होत नाही ना? शंका अगदीच वेडगळ नाही. पारसिकचा डोंगर, मुंब्र्याचे कडे, खाणींतून निघणारी काळी खडी हे सगळे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचेच. तरीही उत्तर ‘नाही’ असेच आहे. त्याची कारणे समजायला, शिलारस आजही हलतो तिथे काय घडते ते आधी पाहू.

शिलारस म्हणजे वितळलेला खडक. बेसाल्टी शिलारसाचे तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असते. तो एखाद्या मोकळ्या नळीतून नुसता वाहत असेल, तर भूकंपमापकाला फारसे काही कळत नाही. द्रवाला ताण साठवून ठेवता येत नाही, तो ताण सोसावा लागतो सभोवतालच्या खडकाला. शिलारसाचा दाब खडकाच्या सहनशक्तीपलीकडे गेला की खडक उभा चिरतो आणि शिलारस त्या चिरेत शिरतो. अशी चीर जेमतेम मीटर-दोन मीटर रुंद, पण कित्येक किलोमीटर लांब असू शकते. तिलाच भित्ती किंवा डाइक म्हणतात.

गंमत अशी की, भूकंप सगळीकडे सारखे होत नाहीत. डाइक दोन्ही बाजूंचा खडक रेटते, त्यामुळे तिथले जुने प्रस्तरभंग, म्हणजे ज्यांच्या दोन्ही बाजूंचा खडक एकमेकांवर घसरू शकतो अशा भेगा, आवळले जाऊन गप्प बसतात. तिच्या पुढच्या टोकाजवळ आणि वरच्या बाजूला मात्र खडक ताणला जातो आणि तिथले प्रस्तरभंग घसरतात. मुळातच घसरायच्या बेतात असलेल्या प्रस्तरभंगाला ०.०१ मेगापास्कल, म्हणजे मीटरभर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका, जादा ताणही पुरू शकतो. ज्वालामुखी प्रदेशात एका मोठ्या भूकंपाऐवजी शेकडो-हजारो लहान धक्क्यांची झुंड दिसते, ती यामुळेच. नेहमीच्या भूकंपात आधी मुख्य धक्का बसतो, मग ओसरत जाणारे उत्तरधक्के येतात. झुंडीत असा मुख्य धक्का शोधून सापडत नाही. शिवाय डाइक उघडण्याचे बरेचसे काम भूकंपाविनाच होते. २००५ साली इथिओपियाच्या अफार भागात सुमारे ६० किलोमीटर लांबीची आणि काही ठिकाणी ८ मीटर रुंदीची डाइक घुसली. त्या प्रचंड हालचालीचा फार थोडा भाग भूकंपांतून बाहेर पडला.

खरी खूण धक्क्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या जागेत असते. १० नोव्हेंबर २०२३ला आइसलँडमध्ये भूकंपांची केंद्रे काही तासांत सरकत ग्रिंडाविक गावाखाली पोहोचली. सुमारे १५ किलोमीटरची डाइक तयार झाली, तिच्या वरची जमीन मीटरभराहून अधिक खचली आणि जवळपास ३८०० लोकांना त्याच रात्री गाव सोडावे लागले. उद्रेक झाला १८ डिसेंबरला.

केंद्र शोधण्याची रीत साधी आहे. भूकंपाच्या आधी पोहोचणाऱ्या वेगवान पी लहरी आणि मागून येणाऱ्या संथ एस लहरी यांच्यातले सेकंदांचे अंतर साधारण ८ने गुणले की केंद्र किती किलोमीटरवर आहे ते कळते. तीन स्थानकांवरून जागा ठरते, पण खोलीसाठी चौथे लागते, तेही केंद्राच्या शक्य तितके जवळ. घोळ होतो तो इथेच. स्थानके विरळ असली किंवा खडकातला लहरींचा वेग चुकीचा धरला, तर खोली दोन-तीन किलोमीटरने सहज चुकते. मग शिलारस वर येतोय की जागेवरच आहे, हे सांगताच येत नाही.

म्हणून इतर खुणाही पाहतात. खडक तुटला की तीक्ष्ण, जास्त वारंवारितेच्या लहरी उठतात. शिलारसाने किंवा वायूने भरलेल्या भेगा थरथरल्या की सेकंदाला ०.५ ते ५ आवर्तनांच्या संथ लहरी येतात. जीपीएस आणि उपग्रहावरील रडार जमिनीचा फुगवटा मोजतात, आणि गंधक डायऑक्साइड वाढला तर शिलारस वर आल्याचा संशय बळावतो. एवढे करूनही अंदाज हुकतो. इटलीत पोझुओलीची जमीन १९८२ ते १९८४ दरम्यान सुमारे १.८ मीटर वर आली, भूकंपांमुळे हजारो लोकांना हलवले, पण उद्रेक झालाच नाही. वाटेत थिजून बसलेला शिलारस ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही.

तशा थिजलेल्या डाइक आपल्या कोकणपट्टीत पुष्कळ आहेत. लाव्ह्याच्या आडव्या थरांना छेदून जाणाऱ्या उभ्या काळ्या भिंती, बऱ्याचशा उत्तर-दक्षिण धावणाऱ्या. त्या घुसल्या तेव्हा इथेही झुंडी उठल्या असणार, पण तो शिलारस कधीचाच निवून दगड झाला. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम कुंडे पाहून खाली आग असल्याचा समज होतो. तिथले पाणी पावसाचेच. ते भेगांतून खोल झिरपते, पृथ्वीच्या नेहमीच्या अंतर्गत उष्णतेने तापते आणि वर येते. खोलीच्या दर किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढ त्याला पुरते.

डहाणूच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे, की झुंडीला शिलारसच लागतो असे नाही. जुन्या भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाबही प्रस्तरभंग सैल करू शकतो. शिलारस वर येत असता तर केंद्रे एका दिशेने सरकत उथळ झाली असती, जमीन फुगली असती, वायू निघाले असते. पुढचा फॉरवर्ड आला की राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या नोंदीत नुसती तीव्रता पाहू नका, आठवडाभरातली केंद्रे आणि खोलीही ताडून पाहा. आणि इमारतीची तपासणी करायची राहिली असेल तर ती करून घ्या. धक्का पाण्यामुळे बसला काय किंवा शिलारसामुळे, खिळखिळ्या खांबाला त्यातला फरक कळत नाही.