खोकला तारेतून जातो, ठोका जात नाही

1879 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटीशी हकिगत छापून आली. टेलिफोनचं पेटंट निघून तेव्हा जेमतेम 3 वर्षं झाली होती. मध्यरात्री एका डॉक्टरांकडे फोन आला. पलीकडे एक आजीबाई होत्या, नातवंडाला क्रूप झालाय की काय या धास्तीने गडबडून गेलेल्या. क्रूपमध्ये श्वासनलिकेचा वरचा भाग सुजतो आणि मूल कुत्रं भुंकावं तसं खोकतं. त्या काळात हे नाव ऐकूनच घर हादरायचं. डॉक्टर म्हणाले, मुलाला फोनजवळ धरा आणि खोकला मला ऐकू द्या. त्यांनी खोकला ऐकला, हा क्रूप नव्हे असं सांगितलं आणि घराबाहेर पाऊल न टाकता प्रकरण मिटवलं.

डॉक्टर हुशार होतेच, पण त्यांचं नशीबही चांगलं होतं. तारेला जे झेपतं नेमकं तेच त्यांनी मागितलं. तेच आजीबाईंनी छातीवर फोन ठेवून ठोके ऐकवायला घेतले असते, तर डॉक्टरांच्या हाती बहुधा खरखरीखेरीज काही लागलं नसतं.

टेलिफोनच्या आवाजाची जी चौकट पुढे जगभर रूढ झाली, ती साधारण 300 ते 3400 हर्ट्झची. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं. बोलणं समजायला एवढी पट्टी पुरते, म्हणून अभियंत्यांनी बाकीचं कापून टाकलं. हृदयाच्या ‘लब-डब’मधली बहुतेक ऊर्जा मात्र 200 हर्ट्झच्या खाली असते. हृदय थकत चालल्याची खूण मानला जाणारा तिसरा ठोका तर त्याहूनही खोल, जेमतेम ऐकू येईल न येईल असा. म्हणजे हृदयाचं जवळजवळ सगळं म्हणणं टेलिफोनच्या उंबरठ्याच्या अलीकडेच राहतं.

इथे एक गंमत आहे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूरही 100 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे चौकटीबाहेरच असतो. तरी फोनवर आपल्याला तो भारदस्तच वाटतो. कारण त्या सुराच्या पटीतले वरचे सूर पोचतात आणि त्यांच्या अंतरावरून मेंदू तळाचा सूर स्वतःच रचून घेतो. ठोक्याच्या बाबतीत रचायला मालमसालाच येत नाही.

आता फोन जुना झाला, डॉक्टरांचा सल्ला व्हिडिओ कॉलवरही मिळतो आणि या कॉलचा आवाज कितीतरी रुंद पट्ट्यात जातो. मग अडचण संपली का? उलट एक नवी अडचण आली. आजच्या कॉलिंग अ‍ॅपमध्ये गोंगाट दाबणारं सॉफ्टवेअर असतं. माणसाचं बोलणं ठेवायचं आणि पंखा, रहदारी, भांड्यांचा आवाज काढून टाकायचा, असं त्याला शिकवलेलं असतं. दम्याची बारीक शिट्टी त्याच्या हिशेबी पंख्याच्या जातीची. बाळाच्या छातीतली घरघर बापडी आई मायक्रोफोनजवळ धरून ऐकवते, आणि सॉफ्टवेअर अगदी मन लावून ती पुसून टाकतं. काही अ‍ॅपमध्ये संगीतासाठी मूळ आवाज जसाच्या तसा सोडण्याचा पर्याय असतो. श्वास ऐकवायचा असेल तर तो चालू करावा. ही युक्ती सल्ला घेणाऱ्यांनाच काय, कित्येक सल्ला देणाऱ्यांनाही माहीत नसते.

चित्राची कथा याहून सुरस आहे. आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातले बारकावे चांगले कळतात, रंगातले तितके नाही. व्हिडिओ आटवून लहान करणाऱ्या पद्धती याचा फायदा घेतात. प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा जपतात, पण रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकदाच नोंदवतात. गप्पा मारताना कुणाला पत्ताही लागत नाही. कावीळ शोधणाऱ्या डॉक्टरला मात्र डोळ्याच्या पांढऱ्या भागातली फिकट पिवळी झाक हवी असते. तो भाग पडद्यावर मोजक्या ठिपक्यांचा, त्यातही रंगाची माहिती पाव.

त्यावर कॅमेऱ्याचा आगाऊपणा. समोरच्या दृश्यात ‘पांढरं’ काय आहे याचा अंदाज बांधून तो सगळे रंग सरकवतो. पिवळ्या भिंतीपुढे बसलात तर तो पिवळा कमी करतो आणि त्यात तुमच्या काविळीचा पिवळाही जातो. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात त्वचा गुळगुळीत करण्याची सोय चालू असेल तर पुरळही गेलं. म्हणून अनुभवी डॉक्टर खिडकीकडे तोंड करून बसायला सांगतात, कोरा पांढरा कागद गालाजवळ धरायला लावतात आणि पुरळाचे स्थिर फोटो वेगळे मागवून घेतात. त्वचारोगात तर फोटो आधी पाठवायचे आणि डॉक्टरांनी सवडीने पाहायचे ही पद्धत थेट कॉलपेक्षा पुष्कळदा सरस ठरते. मी स्वतः एकदा घसा दाखवण्यासाठी एका हातात फोन, दुसऱ्या हातात बॅटरी आणि तोंडात चमच्याची मागची बाजू अशी सर्कस केली होती. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “राहू द्या, फोटो काढून पाठवा.”

हालचालींचंही तेच. पार्किन्सनच्या आजारात हात सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा थरथरतो. सेकंदाला 30 चित्रं येत असतील तर कंप नीट दिसतो. नेट रडायला लागलं आणि चित्रं 8 वर आली, तर हिशेबाने 5 हर्ट्झचा कंप 3 हर्ट्झचा दिसेल. सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात ना, त्याच जातीचा हा भास. आणि सेकंदाला बरोबर 5 चित्रं आली तर? हात प्रत्येक वेळी त्याच जागी सापडेल. पडद्यावर निवांत, स्थिर हात! चित्र अडखळत असेल तर हालचालींबद्दल मत देऊ नये, एवढं तारतम्य लागतंच.

एवढं सगळं गळून जात असेल तर हे सल्ले चालतात तरी कसे? चालतात, आणि बरेच चांगले चालतात. याचं उत्तर 1975 मधल्या एका साध्या ब्रिटिश अभ्यासात आहे. बाह्यरुग्ण विभागात पहिल्यांदाच आलेल्या 80 रुग्णांचं निदान नेमकं कशाच्या बळावर झालं हे त्यात तपासलं होतं. 66 जणांच्या बाबतीत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून आणि रुग्णाची हकिगत ऐकून बांधलेला अंदाजच शेवटपर्यंत टिकला. अंगाला हात लावून केलेल्या तपासणीने 7 जणांत निदान बदललं आणि प्रयोगशाळेने आणखी 7 जणांत. निदानाचा मोठा वाटा शब्दांत असतो, आणि शब्द तारेतून उत्तम जातात. उरलेल्यांसाठी माणसाला समोर बोलवावंच लागतं. कसब आहे ते अशांना ओळखण्यात. माझ्या मते या डिजिटल व्यवस्थेचं मोल त्यावरूनच करावं. किती कॉल निकाली काढले हे पाहण्यापेक्षा, ‘तुम्ही आत्ता निघून इथे या’ हे वेळेवर किती जणांना सांगितलं ते पाहावं.

जे तारेतून जात नाही त्याच्यासाठी दोन वाटा निघाल्या. पहिली, संकेतच बदलण्याची. 1905 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन गावात विलेम आइंटहोवेन यांनी रुग्णालयातल्या रुग्णांचा हृदयालेख (ईसीजी), म्हणजे हृदयाच्या विजेची नोंद, सुमारे दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत उमटवला. त्यांचं यंत्र अडीचशे किलोहून जड होतं. ते रुग्णापर्यंत नेण्यापेक्षा रुग्णाची वीज यंत्रापर्यंत आणणं सोपं. रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवायचे आणि तिथून टेलिफोनच्या तारेने ती क्षीण वीज पाठवायची. मध्ये फोनचं यंत्रच नव्हतं, नुसती तार. ठोक्याचा आवाज जिथे जात नाही, तिथून ठोक्याची वीज गेली.

दुसरी वाट, पलीकडच्या टोकाला तयारी करून ठेवण्याची. ऑस्ट्रेलियात विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा 1928 मध्ये सुरू झाली. आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायडल मारून चालणारा रेडिओ बनवला आणि दूरदूरच्या वस्त्यांना डॉक्टरांशी बोलता येऊ लागलं. 1942 पासून या वस्त्यांना औषधांच्या पेट्या मिळाल्या. त्यातल्या प्रत्येक औषधावर नंबर. पुढे सोबत माणसाच्या शरीराचं चित्रही आलं, त्यावरही नंबर. दुखतंय कुठे ते आकड्यात सांगायचं, औषध कुठलं ते आकड्यात ऐकायचं. आकडा खरखरीतूनही नीट कळतो. आजच्या कित्येक अ‍ॅपमध्ये हा शहाणपणा दिसत नाही.

अ‍ॅपचा विषय निघालाच आहे म्हणून, लक्षणं विचारून निदान सुचवणाऱ्या संगणकी प्रश्नावल्यांबद्दल थोडं. 2015 मध्ये अशा 23 प्रणालींपुढे 45 ठरावीक रुग्णकथा ठेवून पाहिल्या गेल्या. बरोबर निदान यादीत पहिल्या क्रमांकावर आलं फक्त 34 टक्के वेळा. घरीच थांबावं की रुग्णालय गाठावं, हा सल्ला 57 टक्के वेळा योग्य निघाला. तेव्हापासून तंत्र बरंच पुढे गेलंय, पण एक गोष्ट तशीच आहे. प्रश्नावली विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर ऐकते. दार उघडून जाता जाता रुग्ण जे म्हणतो, ‘आणि हो डॉक्टर, एक सांगायचं राहिलं’, त्याला तिथे रकाना नसतो.

समुपदेशनात तर सगळा मामला शब्दांचाच, तेव्हा ते पडद्यावर सहज जमावं असं वाटतं. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या मानसोपचार संस्थेने 1959 मध्येच दुहेरी, म्हणजे दोन्हीकडून पाहता-बोलता येणाऱ्या टीव्हीवरून गटउपचार करून पाहिले होते, आणि ते जमले. पण समुपदेशकाचं अर्धं काम शब्दांमधल्या जागेत चालतं. जगातल्या 10 भाषांच्या अभ्यासात असं दिसलं, की एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी फक्त 200 मिलिसेकंद जातात. पापणी लवण्याच्या आतच. कॉलमध्ये आवाज पोचायला एका दिशेने 150 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये असा दूरसंचाराचा संकेत आहे. तो पाळला तरी जाऊन-येऊन 300 होतात. आपल्याला ही तारेची दिरंगाई वाटत नाही, माणसाची वाटते. उशीर वाढवून केलेल्या प्रयोगांत लोकांनी पलीकडच्या व्यक्तीला कमी लक्ष देणारी ठरवलं. रडवेल्या माणसाला ‘हिचं माझ्याकडे लक्ष नाही’ असं वाटणं किती महागात पडेल!

आणि शांतता? समोरासमोर बसलेल्या दोघांमधली शांतता भरलेली असते. श्वास, खुर्चीची करकर, खाली गेलेली मान. डिजिटल फोनमध्ये कुणी बोलत नसेल तर आवाज पाठवणं बऱ्याचदा थांबतंच. मग ऐकणाऱ्याला फोन तुटल्यासारखं वाटू नये म्हणून त्याच्या टोकाचं यंत्र स्वतःहून बारीक खरखर तयार करून ऐकवतं. या खोट्या खरखरीला अभियंते ‘कम्फर्ट नॉइज’ म्हणतात. म्हणजे समुपदेशक रुग्णाची शांतता ऐकतोय असं समजत असतो, आणि ऐकत असतो आपल्याच यंत्राने भरलेली पोकळी. जाणकार समुपदेशक म्हणून आधीच सांगून ठेवतात, “मी गप्प असले तरी इथेच आहे.”

पडदा काही देतोसुद्धा. समोर चेहरा नसला की माणसं लवकर मोकळी होतात. 1966 मध्ये संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबाम यांनी ‘एलायझा’ नावाचा, टाइप करून गप्पा मारणारा प्रोग्रॅम लिहिला. वाक्य उलटवून प्रश्न विचारण्यापलीकडे तो फारसं काही करत नव्हता. तो कसा चालतो हे माहीत असलेल्या त्यांच्या सेक्रेटरीने थोडा वेळ त्याच्याशी संवाद केला आणि वायझेनबाम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. वायझेनबाम यातून धास्तावले ते कायमचे.

मोकळेपणाला दुसरी बाजूही आहे, कारण मोकळं बोललेलं कुठेतरी साठतं. फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार केंद्रांच्या साखळीतल्या हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या, आणि 2020 च्या ऑक्टोबरमध्ये रुग्णांना थेट धमकीच्या ईमेल आल्या: पैसे द्या, नाहीतर थेरपिस्टला सांगितलेलं सगळं उघड करू. रक्तातली साखर किती हे फुटलं तर माणूस चिडेल. हे फुटलं तर काय होतं, ते त्या देशाने पाहिलं.

त्यामुळे दूरस्थ समुपदेशनाची सुरुवात हल्ली अशा प्रश्नांनी होते जे दवाखान्यात कुणी कधीच विचारत नाही. तुम्ही आत्ता नेमके कुठे आहात, पत्ता सांगा. जिवावर बेतलं तर मदत तिथे धाडावी लागेल. कॉल तुटला तर कुठल्या नंबरवर फोन करू? तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड: खोलीत आणखी कोण आहे? दवाखान्याचं दार डॉक्टर लावतात. इथे दार रुग्णाच्या घरात असतं, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तोच कधी कधी दारापलीकडे उभा असतो. म्हणून तो प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर पुरेल असा विचारतात. एखादा साधा शब्दही आधी ठरवून ठेवतात. तो शब्द आला, की समुपदेशक हवापाण्याच्या गप्पा सुरू करतो आणि वाट पाहतो.