गावाचे सांडपाणी आणि ऑक्सिजनचा हिशेब

गटारातून वाहणारे पाणी कितीही काळेकुट्ट दिसले, तरी त्याचा सुमारे ९९.९ टक्के भाग निव्वळ पाणीच असतो. उरलेल्या अंशात मैला, साबण, तेलकट द्रव्ये आणि रोगजंतू असतात. त्यातील सेंद्रिय द्रव्यावर जिवाणू तुटून पडतात आणि ते पचवताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. पाच दिवसांत, २० अंश सेल्सिअस तापमानाला, ते किती ऑक्सिजन वापरतात यावरून सांडपाण्याची तीव्रता मोजली जाते आणि तिलाच बीओडी, म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणतात. घरगुती सांडपाण्याच्या बाबतीत हा आकडा साधारणपणे लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम भरतो, आणि त्याच तापमानाच्या स्वच्छ पाण्यात मात्र लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. हे पाणी ओढ्यात तसेच सोडले की मासे का मरतात, ते या दोन आकड्यांवरून समजते.

ही तूट भरून काढणे म्हणजेच सांडपाण्यावर प्रक्रिया करणे. मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी १९१४ मध्ये मांडलेल्या सक्रिय गाळ पद्धतीत यंत्राने हवा खेळवून ही तूट भरली जाते, आणि शहरांसाठी ती आजही उपयोगी आहे. छोट्या वस्तीत मात्र सकाळी एकदम लोंढा येतो, दुपारी गटार जवळजवळ कोरडे पडते. वीज गेली की हवा थांबते, आणि बिघाड ओळखणारा प्रशिक्षित माणूस रोज हाताशी नसतो. म्हणूनच शहरी प्रकल्पाची छोटी प्रतिकृती गावात बसवणे मला चुकीचे वाटते. गावाकडे विजेपेक्षा जागा आणि वेळ अधिक असतात, तेव्हा ऑक्सिजनही त्यांच्याच बळावर मिळवला पाहिजे.

त्याचा एक मार्ग म्हणजे खडीचा वाफा. जर्मनीत कॅथे सायडेल या संशोधिकेने १९५०च्या दशकात पाणवनस्पतींच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग सुरू केले आणि त्यातूनच पुढे ही पद्धत वाढली. तळाला पाणी झिरपू नये असे अस्तर घालून सुमारे अर्धा-पाऊण मीटर जाडीचा खडीचा थर देतात, त्यात पाणकणीस किंवा तत्सम वनस्पती लावतात आणि खडीच्या पृष्ठभागाखालून पाणी सावकाश वाहू देतात. वर पाणी साचत नसल्यामुळे डासही होत नाहीत. पाणी शुद्ध करण्याचे श्रेय बहुधा झाडांना दिले जाते. पण वाफ्यातला एखादा खडा उचलून बोटांनी चोळून पाहिला, तर त्यावर बुळबुळीत साय लागते, आणि मुख्य काम करणारे जिवाणू त्या सायीतच असतात. मुळे त्यांना आधार देतात, थोडा ऑक्सिजनही पुरवतात. मात्र पाणी असे आडवे वाहत असलेल्या वाफ्यात ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून सांडपाण्यातला अमोनिया पुरेसा कमी होत नाही. पाणी वरून टप्प्याटप्प्याने सोडले, तर मधल्या वेळेत खडीत हवा शिरते आणि ते कामही बऱ्यापैकी साधते.

जागा भरपूर असेल, तर एकापुढे एक उथळ तळी हा त्याहून साधा उपाय आहे. तिथे शेवाळ सूर्यप्रकाशात ऑक्सिजन तयार करते आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. त्यामुळे कडक उन्हाच्या दुपारी पाण्याचा सामू (पीएच) ९ च्या वर जातो, आणि तेवढी अल्कता व ऊन यांपुढे मैल्यातील बरेच जिवाणू टिकाव धरत नाहीत. जंतांची अंडी मात्र अशी मरत नाहीत. ती जड असल्यामुळे तळाशी बसतात, आणि म्हणूनच पाणी तळ्यांत बरेच दिवस थांबावे लागते.

खडीचे वाफे बहुतेक वेळा बिघडतात ते त्यांच्या आधी असलेल्या सेप्टिक टाकीमुळे. या टाकीत जड घाण खाली बसते, तेलकट थर वर तरंगतो आणि मधले पाणी वाफ्यात जाते. टाकी वेळेवर उपसली नाही, तर गाळ पुढे सरकून खडीच्या फटी बुजवतो. मग पाणी वर साचते आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. एकदा अशी बुजलेली खडी काढून धुणे फार जिकिरीचे असते. ही वेळ टाळण्यासाठी लागते ती एक लांब काठी आणि तिच्या टोकाला गुंडाळलेले पांढरे फडके. टाकीचे झाकण काढल्यावर आत वाकून न पाहता, विषारी वायूंपासून दूर राहून, ही काठी तळापर्यंत सोडायची आणि थोड्या वेळाने सावकाश वर घ्यायची. फडक्यावर उमटलेल्या काळ्या पट्ट्यावरून गाळाची उंची कळते, आणि ती टाकीतील पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशाजवळ आली, की उपसा करणारी गाडी बोलवायची.